जुन्या जीपची पेट्रोल टाकी गळते: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे १९६८ ची पेट्रोल जीप आहे, महिंद्राची सीजे-३बी, तीच उंच बॉनेटवाली, चाळीसेक लिटरची टाकी सीटखाली. सलग दोन उन्हाळे मी हिच्या पेट्रोलच्या वासामागे घालवले. तेव्हा जे कळलं ते आता जुनी जीप नाहीतर जुनी मारुती जिप्सी घेतलेली मंडळी विचारत असतात, कोणी रविवारी सकाळी नागपुरात फुटाळा तलावावर भेटलं की विचारतं, कोणी सरळ गाडी घेऊन दारात येतं. प्रश्न फिरून फिरून तेच, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं.

गाडीखाली थेंब दिसून राहिले, म्हणजे टाकीच फुटली ना?

नाही, आणि सगळ्यात मोठी चूक इथेच होते. पेट्रोल पाण्यापेक्षा कितीतरी पातळ, ते पत्र्याला चिकटून सरपटत जातं, टाकीच्या शिवणीवरून खोबणीत, खोबणीतून चेसिसवर, आणि जिथे एखादा बोल्ट खाली लोंबतो तिथे जाऊन टपकतं. थेंब पडतो ती जागा म्हणजे फक्त सगळ्यात खालची जागा. गळती तिथून दीड फूट वर आणि दुसऱ्याच बाजूला असू शकते. मला दोन मेकॅनिकनी खालचा ओला भाग बघून "टाकी बदला" सांगितलं होतं, दोघंही आपल्या कामात हुशार, पण दोघांनीही वर बघितलंच नाही. म्हणून आधी टाकीवर खापर फोडू नका. फिलरची म्हणजे पेट्रोल भरायची रबरी नळी, झाकण, गेज युनिटचं म्हणजे पातळी मोजणाऱ्या भागाचं पॅकिंग, पेट्रोल बाहेर पडतं त्या आउटलेटचा नट, चेसिसवरून जाणारी नळी, पंप, कार्बोरेटर, यातलं काहीही असू शकतं.

पण काम सुरू करण्याआधी काय काळजी घ्यायची?

हे वगळून पुढे जाऊ नका भाऊ. पेट्रोल उणे चाळीस डिग्रीच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, मग नागपूरच्या मे महिन्यात काय होत असेल ते समजून घ्या. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, ती वर उडून जात नाही, फरशीवरून पसरते आणि खोलगट जागी साचते. आपल्याकडे पोर्चमध्ये गाडी आणि त्याच पोर्चकडे उघडणाऱ्या खिडकीत कूलर, ही घराघरातली गोष्ट आहे. कूलरची मोटर, तिचा पंप, ढिल्या पिनेचा प्लग, यातली एक ठिणगी पुरते. इन्व्हर्टर, गॅस गिझर, देवघरातला दिवा, हे सगळंही बघा. गाडी ढकलत मोकळ्यात न्या, बॅटरीचा निगेटिव्ह काढा, इंजिन गार होऊ द्या. उजेडासाठी एलईडी टॉर्च, तीही लांबच लावून मग जवळ न्यायची. जुना वायरवाला हँडलॅम्प अजिबात नको, त्याचा बल्ब फुटला तर तीच ठिणगी. हाताशी आग विझवायचा कोरड्या पावडरचा (डीसीपी) सिलिंडर आणि वाळूची बादली ठेवा, पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत आणखी पसरतं.

थेंब नाही, फक्त वास येतो. तरीही लीकच का?

बहुतेक वेळा हो. बारीक भोकातून येणारं पेट्रोल थेंब होण्याआधीच उडून जातं, खास करून उन्हाळ्यात. मागे राहतो तो पिवळट-तपकिरी डाग, कडेला गडद, मधे फिकट, चहाचा कप ठेवल्यावर टेबलावर उमटतो ना तसा. तो डाग शोधा. धूळ चिकटून काळी पडलेली एखादी पट्टीसुद्धा तेच सांगत असते.

मग नेमकी जागा शोधायची कशी?

मी दोन गोष्टी करतो आणि दोन्हीला जवळपास काही खर्च नाही.

पहिली पावडर. सीट काढा, टाकीभोवतीची धूळ-माती कोरड्या ब्रशने काढा, कापडाने स्वच्छ पुसा आणि तासभर वाळू द्या. मग शिवणी, गेज युनिटची कड, फिलरचा जोड, आउटलेट या सगळ्यांवर टाल्कम पावडर नाहीतर पांढऱ्या खडूची पूड हलक्या हाताने मारा. खाली पुठ्ठा टाका आणि त्यावर चाकाच्या, टाकीच्या खुणा पेनने करून ठेवा म्हणजे नंतर कोणता डाग कशाखाली होता ते कळतं. आता बसून बघायचं. पांढऱ्यावर पेट्रोल आलं की ती जागा लगेच गडद होते आणि गडद पट्टी वरून खाली उतरताना दिसते. त्या पट्टीचं वरचं टोक म्हणजे तुमची गळती. खालचं टोक बघत बसू नका.

दुसरी गोष्ट पातळीची, आणि माझ्या मते हीच सगळ्यात भरवशाची. गाडी सपाट जागी उभी करा, एक स्वच्छ बांबूची काडी घ्या, टाकीत सरळ उभी बुडवा आणि ओली खूण जिथे येते तिथे रेघ मारा. रोज एकाच वेळी हेच करा, गाडी चालवायची नाही. काही दिवसांनी पातळी उतरायची थांबते. ती जिथे थांबते त्याच उंचीवर भोक आहे, कारण भोकाच्या खाली गेलेलं पेट्रोल बाहेर येऊच शकत नाही. थांबलीच नाही आणि तळापर्यंत गेली तर समजा तळाचा पत्रा, ड्रेन प्लग, नाहीतर नळी. हो, नळीबद्दल एक लक्षात ठेवा, नळी एकदा भरलेली असली की टाकीच्या पातळीखालच्या जोडातून सायफन होऊन पेट्रोल येतच राहतं, म्हणून पातळी बघताना टाकीजवळचा नट सोडून तोंड बंद करून ठेवा, मग फक्त टाकीचा हिशोब उरतो.

तुमच्या जीपमध्ये शेवटी काय निघालं?

आधी मी फिलरची नळी बदलली. मग झाकण. मग आउटलेटचा नट. वास तसाच. रात्री गेटमधून आत आलं की पहिल्यांदा पेट्रोल, मग मोगरा. शेवटी काडीने मोजायला लागलो, तर टाकी भरल्यावर पाच दिवसांत पातळी वरून चार बोटं उतरायची आणि मग ठप्प. पुढचे चार दिवस हलायचीच नाही. म्हणजे भोक वरून चार बोटांवर, आणि तिथे शिवण नाही, जोड नाही, काहीच नाही, फक्त टाकी आवळणारा लोखंडी पट्टा टाकीच्या बाजूवरून खाली जातो. पट्टा सोडला. त्याच्याखाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी होती, घासू नये म्हणून लावलेली. ती उचलली तर ओली, तळवा भरून येईल एवढी ओली, आणि खाली पत्रा तांबूस, पापुद्रे सुटलेले, नखाने खरवडलं तर मधोमध सुईच्या टोकाएवढं भोक. नमदा पावसाळ्यात पाणी धरून ठेवत होता आणि पट्ट्याखाली कोणाला दिसत नव्हतं. इतकी वर्षं पत्रा आतून नाही, बाहेरून सडत होता. भोकातून आलेलं पेट्रोल नमद्यात मुरायचं आणि नमद्यातून उडून जायचं, म्हणून खाली थेंबच नाही.

तेव्हापासून कोणीही विचारलं की माझं पहिलं उत्तर, पट्टे सोडून नमदा उचलून बघा. आणि सीटखालच्या ज्या खोबणीत टाकी बसते तिचं तळाचं भोक चिखलाने बुजलंय का तेही बघा, तिथे पाणी साचलं की तळ गेलाच.

माझी फक्त मे महिन्यात गळते, हिवाळ्यात नाही. काहून?

कारण पेट्रोल फुगतं. दर डिग्रीला साधारण हजारातला एक भाग. पंपाची टाकी जमिनीत, तिथलं पेट्रोल त्यामानाने गार, तुम्ही सकाळी काठोकाठ भरून वर्धा रोडवर उन्हात गाडी उभी केली आणि पेट्रोल वीस डिग्री तापलं तर चाळीस लिटरचं पाऊण लिटर जास्तीचं होतं. ते जाणार कुठे? झाकणातून, नाहीतर गेजच्या पॅकिंगमधून. ही गळती नव्हे, भरण्याची चूक आहे. उन्हाळ्यात मी चार-पाच लिटरची जागा रिकामीच ठेवतो.

झाकणही बघा. जुन्या जीपच्या झाकणाला हवा जायला बारीक वाट असते. कोणीतरी बिनवाटेचं झाकण लावलेलं असलं किंवा ती वाट धुळीने बुजलेली असली तर उन्हात टाकीत दाब चढतो आणि जो जोड एरवी टिकला असता तोही पाझरायला लागतो. उलट चालवताना पेट्रोल कमी होत जातं तशी आत हवा येत नाही, इंजिन दम तोडतं, टाकी आत ओढली जाते. झाकण ढिलं करताना सुस्स आवाज आला तर वाट बंद आहे.

चढावर उभी केली तरच गळते.

मग गळती वरच्या भागात आहे आणि पेट्रोल तिरकं झाल्यावरच तिथे पोहोचतं. गाडी रामटेकच्या गडाच्या चढावर आधी नाक वर करून आणि मग उलट उभी केली, तर कोणत्या वेळी गळतं त्यावरून टाकीची पुढची बाजू की मागची ते कळतं. बहुतेकदा गेज युनिट निघतं. ते टाकीच्या डोक्यावर पाच स्क्रूने बसतं, खाली कॉर्कचं पॅकिंग, आणि ते कॉर्क वर्षानुवर्षं वाळून बिस्किटासारखं झालेलं असतं. लोक पॅकिंग बदलतात आणि तरी पाझरतं, कारण ते स्क्रू आरपार टाकीच्या आत जातात आणि पेट्रोल त्यांच्या आट्यांमधून वर चढतं. प्रत्येक स्क्रूखाली तांब्याचं किंवा फायबरचं वायसर आणि आट्यांना पेट्रोलला चालणारं सीलंट लावा. साधं सिलिकॉन लावू नका, ते पेट्रोलमध्ये फुगून सुटतं आणि तुकडे नळीत जातात.

पेट्रोल कमी होऊन राहिलं पण कुठेच ओलं नाही, वासही नाही.

डिपस्टिक काढा आणि ऑइलचा वास घ्या. मेकॅनिकल पंपाचा डायफ्राम फाटला की पेट्रोल ऑइल चेंबरमध्ये उतरतं, ऑइलची पातळी वाढलेली दिसते, ऑइल पातळ लागतं. असं असेल तर इंजिन सुरूच करू नका, पातळ ऑइलने बेअरिंग खराब होतात. डायफ्राम बदला, ऑइल आणि फिल्टर बदला. पंपाच्या बॉडीला खालून एक बारीक भोक असतं, तिथून ओलं दिसलं तरी तोच अर्थ. पंपावर काचेची वाटी असेल तर तिचंही कॉर्क बघा, गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की ते आकसतं.

आजकालच्या पेट्रोलमुळे हे वाढलंय का?

हो, जुन्या गाड्यांसाठी हे खरं आहे. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. १९६८ साली जे रबर आणि कॉर्क बसवलं ते या पेट्रोलसाठी नव्हतंच. जुनं रबर आधी फुगतं, मऊ पडतं, मग वाळल्यावर तडकतं. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, पावसाळ्यात अर्धी टाकी भरून गाडी दोन महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं आणि तळ गंजवतं. शिवाय आतला जुना थर आणि गंज सुटायला लागतो, कित्येक टाक्यांचं भोक त्या गंजानेच बुजलेलं असतं, तो सुटला की "अचानक" गळायला लागतं. नळी घेताना एसएई जे३० आर९ हे पेट्रोलच्या नळीचं मानक छापलेली बघून घ्या, पॅकिंग व्हायटॉनचं, म्हणजे पेट्रोल सोसणाऱ्या रबराचं, मिळालं तर उत्तम.

टाकी काढून हवा भरून टेस्ट करता येते का?

येते, पण टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने कधीच नाही. टाकीला एक पीएसआय पुरे, दोनच्या वर जायचं नाही, कॉम्प्रेसरने ती फुग्यासारखी फुगते आणि शिवण उसवते. आधी टाकी रिकामी करून, साबणाच्या गरम पाण्याने दोन-तीनदा धुऊन घ्या, पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीत हवा मारायची नसते.

मी गवंड्याची लेव्हल-पाइप वापरतो, पारदर्शक, यू आकारात टांगायची, अर्धं पाणी भरायचं, एक टोक टाकीला आणि दुसरं मोकळं. सायकलच्या पंपाने हळू हवा भरा, दोन्ही बाजूंच्या पाण्यात ७० सेंटिमीटरचा फरक पडला की एक पीएसआय झालं. वाल्व बंद करा, शिवणींवर भांड्याच्या साबणाचा फेस लावा आणि बुडबुडे बघा. बुडबुडा आला की लगेच पर्मनंट मार्करने गोल करा, फेस वाळल्यावर जागा सापडत नाही.

आणि हे सावलीत, सकाळी सहा-सातला करा. टाकीतली हवा एक डिग्री बदलली तरी पाणी साडेतीन सेंटिमीटर हलतं, ऊन टाकीवर आलं की लीक असूनही पातळी चढताना दिसेल, आणि ढग आला की चांगली टाकीही गळकी वाटेल.

नुसतं पाणी भरून बघितलं तर?

मोठं भोक कळेल, बारीक नाही कळणार. पाण्याचा पृष्ठताण पेट्रोलच्या तिप्पट असतो, ज्या फटीत पाणी अडून राहतं तिच्यातून पेट्रोल आरामात पाझरतं. पाण्याने पास झालेली टाकी पेट्रोल भरल्यावर गळते ती यामुळेच.

वेल्डिंग करून घेऊ का?

पेट्रोलच्या टाकीला वेल्डिंगची ज्योत लावणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. हवेत पेट्रोलची वाफ सुमारे दीड ते साडेसात टक्के असली की ती पेट घेते, भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की पेटायला हवा पुरत नाही, रिकामी टाकी मात्र अगदी त्या मापात येते. म्हणून रिकामी टाकी जास्त धोक्याची. वर्षभर उघडी पडलेली टाकीही सुरक्षित धरू नका, शिवणीच्या घडीत आणि गंजाच्या थरात पेट्रोल मुरलेलं असतं, ते तापल्यावर बाहेर येतं. "पाण्याने धुतली, काही होत नाही" म्हणणाऱ्याकडून गाडी उचलून परत या.

बारीक भोकाला डाग देणं बरं, म्हणजे कथलाची झाळ, तापवलेल्या तांब्याच्या कावियाने (झाळायच्या अवजाराने), उघड्या ज्योतीने नाही. रेडिएटर दुरुस्त करणारे जुने कारागीर हे काम रोज करतात, आधी वाफेने टाकी साफ करतात, काम करताना टाकीत पाणी भरून हवेची जागा कमीत कमी ठेवतात. माझी टाकी अशीच झाली, भोकावर पितळेचा रुपयाएवढा तुकडा आणि कडेने कथील.

रस्त्यात गळायला लागली तर? एम-सील चालेल?

ओल्या जागी एम-सील धरत नाही, पेट्रोल येत असताना लावलं तर निघून येतं. कपडे धुण्याचा साबण घ्या, थोडा ओला करून भोकावर घासून घासून दाबा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, भोक बुजतं, हळू चालवत घरापर्यंत येता येतं. मी उमरेडहून असा एकदा आलो आहे. हा इलाज घरापर्यंतचाच.

आतून सीलर, म्हणजे पत्र्यावर थर धरणारं द्रव, ओतला तर सगळंच मिटतं ना?

गंज पूर्ण निघालेला आणि टाकी ठणठणीत कोरडी असेल तरच. गंजावर ओतलेला सीलर पापुद्र्यासारखा सुटतो आणि तो पापुद्रा थेट आउटलेटवर जाऊन बसतो. टाकीत मूठभर नट टाकून हलवून गंज सोडवा, मग फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट रिमूव्हर. बाथरूमचं ॲसिड नको, ते चांगला पत्राही खातं. मी स्वतः सीलर शेवटचा उपाय धरतो.

नवीन टाकीच घ्यावी का?

तळ जागोजागी जाळी झाला असेल तर हो. एका-दोन भोकांसाठी नाही. २०२१ च्या नियमांत ५० वर्षांवरची गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते आणि तिथे गाडी मूळ रूपात असणं बघतात, त्यापेक्षा मोठं म्हणजे जुन्या टाकीचा पत्रा जाड असतो, हातात घेतल्यावर कळतं.

काढलेलं पेट्रोल घरात ठेवलं तर चालतं?

पेट्रोलियम कायद्यात स्वतःच्या गाडीसाठी लायसन्सशिवाय पेट्रोल ठेवायला सूट आहे, पण ३० लिटरच्या वर गेलं तर ते राहत्या खोल्यांशी न जोडलेल्या वेगळ्या जागीच ठेवावं लागतं, म्हणजे चाळीसची भरलेली टाकी उपसून घरात ठेवणं त्यात बसत नाही. हे नियम बघणारं देशाचं मुख्य ऑफिस, पेसो, आपल्याच नागपुरात सेमिनरी हिल्सवर आहे. सोपा मार्ग असा की टाकी चार-पाच लिटरवर आली की मगच काम काढा, आणि काढलेलं पेट्रोल लोखंडी डब्यात, पाण्याच्या बाटलीत नाही. घरात लहान मुलं असतात.

माझी जिप्सी आहे, तिला हेच लागू?

शोधायची पद्धत तीच, जागा वेगळी. जिप्सीची टाकी मागे, खालून. टाकी आणि फ्लोअरच्या मधे चिखल साचतो आणि टाकी वरून गंजते, खालून बघितलं तर नवीकोरी दिसते. ताडोबा-पेंचच्या कच्च्या रस्त्यावर राबलेल्या गाडीत हे हमखास. टाकी खाली उतरवल्याशिवाय निदान करू नका. २००० नंतरच्या एमपीएफआय, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या, जिप्सीत इलेक्ट्रिक पंप आहे, नळीत बंद केल्यावरही दाब असतो, तो सोडल्याशिवाय जोड उघडला तर पेट्रोल डोळ्यात येतं.

परत बसवताना काय बघायचं?

नमद्याऐवजी पाणी न धरणारी रबराची पट्टी लावा, व्हायटॉनची नाहीतर नायट्राइलची. पट्टा जास्त आवळू नका, पत्रा दबला की पुन्हा तिथेच चीर पडते. नळीच्या फ्लेअर जोडाला (तोंड पसरवून नटाने आवळलेल्या जोडाला) टेफ्लॉन टेप नको, तो जोड धातूवर धातू बसून बंद होतो, टेपचे धागे मात्र कार्बोरेटरच्या जेटमध्ये जातात. खोबणीचं पाणी जायचं भोक तारेने मोकळं करा. मग आधी पाच लिटर भरा, पावडर मारा, रात्रभर पुठ्ठा. दुसऱ्या दिवशी अर्धी, पुन्हा रात्रभर. तिसऱ्या दिवशी वरपर्यंत, चार लिटरची जागा सोडून, आणि काडीवर रेघ. माझ्या काडीवरची रेघ आठव्या दिवशीही जागेवर होती, आणि त्या दिवशी मी सीट परत आवळली.